बाळाबरोबर आईही

प्रस्तावना

नवजात बाळाचे पहिले रडणे ऐकण्यासाठी प्रसूतिगृहाबाहेर सारे घर कान लावून बसलेले असते. बाळ रडले की सर्वांचा जीव भांड्यात पडतो. परंतु काही बाळे जन्मानंतर एक-दोन दिवसांनी निराळेच रडू लागतात. तो आवाज उंच आणि चिरका असतो. बाळाला कुशीत घेतले तरी ते थांबत नाही. त्याचे हातपाय थरथरतात, झोप लागली तरी लगेच मोडते. भूक असूनही त्याला स्तन नीट चोखता येत नाही. गर्भात असताना आईच्या रक्तावाटे अफूच्या जातीचा एखादा पदार्थ त्याला मिळत होता आणि नाळ कापताच तो बंद झाला, हे या रडण्यामागचे कारण असू शकते.

अशा बाळाची आणि त्याच्या आईची शुश्रूषा करणाऱ्यांना काय शिकावे लागते, हा या पाठाचा विषय आहे. वैद्यकाचा विषय भाषेच्या पुस्तकात कशासाठी, असा प्रश्न तुम्हांला पडेल. पाठ वाचताना लक्षात येईल की या प्रशिक्षणाचा बराच मोठा भाग बोलण्याचा आणि ऐकण्याचा आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही गाझियाबाद येथील राष्ट्रीय केंद्राच्या कार्याची माहिती सांगू शकाल. नवजात बाळाला होणाऱ्या त्रासाची लक्षणे व त्यावरील उपचार स्पष्ट करू शकाल. आणि प्रश्न विचारण्याची पद्धत बदलली की उत्तर कसे बदलते, हे उदाहरणासह मांडू शकाल.

मूळ पाठ

गाझियाबादचे केंद्र

दिल्लीला लागून असलेल्या गाझियाबाद शहरात, कमला नेहरू नगर या भागात, अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे 'राष्ट्रीय व्यसन उपचार केंद्र' आहे. संस्थेने १९८०च्या दशकाच्या अखेरीस दिल्लीतील दीनदयाळ उपाध्याय रुग्णालयात हे काम सुरू केले आणि २००३ साली ते गाझियाबादच्या स्वतंत्र वास्तूत आणले. येथे रुग्णांवर उपचार होतात, संशोधन चालते. आणि निरनिराळ्या राज्यांतील डॉक्टर, परिचारिका व समुपदेशक यांना व्यसनाच्या आजारावरील उपचारांचे प्रशिक्षण दिले जाते. मोठे रुग्णालय हजारो रुग्ण तपासू शकते. परंतु तेथून शिकून गेलेली एक परिचारिका आपल्या जिल्ह्यात जे करू शकते, ते त्या रुग्णालयाच्या भिंतींना जमणारे नसते.

केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी या केंद्राने देशव्यापी पाहणी केली. तिचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. सुमारे पावणेपाच लाख लोकांशी बोलून तो सिद्ध झाला आहे. १० ते ७५ वर्षे वयोगटातील पुरुषांपैकी २७.३ टक्के, तर स्त्रियांपैकी १.६ टक्के मद्य घेतात, असे त्यात आढळले. मद्याच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला काही उपचार मिळाले होते.

स्त्रियांचा आकडा लहान आहे म्हणून समाधान मानणे सोपे आहे. पण या लहानपणाचा एक दुष्परिणाम होतो. बहुतेक व्यसनमुक्ती केंद्रे पुरुष रुग्ण डोळ्यांसमोर ठेवून उभारली गेली. तेथील कक्ष, वेळापत्रक आणि सामूहिक चर्चेचे विषय हे सारे पुरुषांना साजेसे असते. गरोदर स्त्री तेथे गेली तर तिच्यासाठी जागा नसते. ती प्रसूतिगृहात गेली तर तेथे व्यसनाविषयी बोलण्याची सोय नसते. व्यसनमुक्तीच्या समुपदेशकाने एका दिवसाचे बाळ कधी हाताळलेले नसते. आणि नवजात कक्षातील परिचारिकेला त्या बाळाच्या आईशी नेमके काय बोलावे, हे कोणी शिकवलेले नसते. दोन दारांच्या मधल्या ओसरीवर ही स्त्री उभी असते. तिला आत घेण्यासाठी दोन्ही दारांतील माणसांनी एकमेकांचे काम थोडेथोडे शिकणे आवश्यक आहे.

घरातला जुना प्रश्न

गाझियाबाद महाराष्ट्रापासून दूर आहे. प्रश्न मात्र आपल्या घरातला आहे. भाजलेली तंबाखू कुटून केलेली मिसरी दातांना लावण्याची सवय महाराष्ट्रातील असंख्य स्त्रियांना आहे. तिला कोणी व्यसन म्हणत नाही. दात दुखतात, मळमळते, पोट साफ होत नाही, अशी कारणे सांगून ती गरोदरपणातही चालू राहते. मुंबईत १,२१७ गरोदर स्त्रियांची पाहणी करून डॉ. प्रकाश गुप्ता आणि एस. श्रीविद्या यांनी २००४ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. मिसरीसारखी, धूर न होणारी तंबाखू वापरणाऱ्या स्त्रियांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले आणि त्यांचा जन्म सरासरी सहा दिवस आधी झाला. १०५ ग्रॅम म्हणजे हातात मावेल एवढे वजन. परंतु जे बाळ आधीच दोन-सव्वादोन किलोचे आहे, त्याच्या दृष्टीने ते थोडके नाही.

याहून जुनी एक गोष्ट मुंबईच्या गिरणगावातील आहे. १९२०च्या दशकाच्या आरंभी डॉ. बार्न्स या महिला डॉक्टरांनी गिरणीत काम करणाऱ्या स्त्रियांच्या बाळंतपणाची पाहणी केली, तेव्हा तान्ह्या मुलांना अफू देण्याची प्रथा किती सर्रास आहे, हे उघड झाले. अफू घातलेली 'बाळगोळी' दुकानात मिळत असे. ती दिली की मूल दिवसभर निजून राही. या आया निष्ठुर होत्या काय? गिरणीत दहा-अकरा तासांची पाळी, पाळणाघराचा पत्ता नाही, घरी मुलाला सांभाळणारे कोणी नाही आणि खाडा झाला की मजुरी बुडते, अशा स्थितीत ती गोळी दिली जात होती. आजच्या परिचारिकेने हा इतिहास वाचावा, असे मला वाटते. समोरच्या आईच्या हातून चूक का घडली, हे विचारण्याची सवय त्यातून लागते.

पाठगत प्रश्न १

(अ) गरोदर स्त्री 'दोन दारांच्या मधल्या ओसरीवर' उभी आहे, असे लेखकाने का म्हटले आहे?
(आ) बाळगोळी देणाऱ्या आयांची परिस्थिती तुमच्या शब्दांत लिहा.

बाळाच्या शरीरात काय घडते?

आई घेते ते बहुतेक पदार्थ वारेतून बाळापर्यंत पोहोचतात. पण प्रत्येकाचा परिणाम सारखा नसतो. मद्य गर्भाच्या मेंदूची वाढच बिघडवू शकते. त्यातून उद्भवणाऱ्या विकारसमूहाचे वर्णन फ्रान्समध्ये १९६८ साली डॉ. लमॉयन यांनी केले होते. १९७३ मध्ये अमेरिकेतील डॉ. जोन्स व डॉ. स्मिथ यांनी त्याला नाव दिले. ही हानी पुढे भरून येत नाही. म्हणून गरोदरपणात मद्याचा एकही थेंब सुरक्षित मानत नाहीत.

अफू, हेरॉइन किंवा अफूच्या जातीच्या वेदनाशामक गोळ्या यांची गोष्ट वेगळी आहे. बाळाच्या शरीराला त्या पदार्थाची सवय झालेली असते. जन्मानंतर पुरवठा थांबला की साधारण एक ते तीन दिवसांत लक्षणे दिसू लागतात: चिरके रडणे, थरथर, जांभया, शिंका, घाम, पातळ जुलाब, दूध ओढण्यात अडचण. काही औषधांच्या बाबतीत ती आणखी उशिरा दिसतात. म्हणून अशा बाळाला पहिल्याच दिवशी घरी पाठवणे धोक्याचे असते. हा त्रास मोठा असला तरी त्यावर उपचार आहेत.

अशा बाळाला 'व्यसनी बाळ' म्हणणे चुकीचे आहे. व्यसन म्हणजे हानी दिसत असूनही पदार्थामागे धावणे. पाळण्यातले बाळ कशाच्या मागे धावणार? त्याच्या शरीराला सवय जडली आहे आणि ती सुटताना त्याला त्रास होत आहे, एवढेच खरे आहे. चुकीचा शब्द बाळाच्या कागदावर एकदा लिहिला गेला की तो त्याच्या मागे शाळेपर्यंत जाऊ शकतो.

प्रशिक्षणात दोन धोक्यांवर विशेष भर द्यावा लागतो. अफूच्या जातीच्या पदार्थावर अवलंबून असलेल्या आईचे बाळ जन्मतः मंद श्वास घेत असेल, तर त्याला नॅलोक्सोन हे उतारा-औषध देऊ नये. त्याने सवय एका झटक्यात तुटते आणि बाळाला आकडी येऊ शकते. बाळाला श्वासासाठी आधार द्यावा. दुसरा धोका घरच्या मंडळींकडून येतो. सुनेला दिवस गेल्याचे कळताच तिला खोलीत कोंडून गोळ्या बंद करणारी घरे आहेत. त्यांचा हेतू चांगला असतो, पण असे अचानक तोडणे आईला सोसत नाही आणि ती पुन्हा त्या पदार्थाकडे वळण्याचा धोका मोठा असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशा स्त्रीला मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन हे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली नियमित देणे अधिक हिताचे आहे. एका पदार्थाच्या जागी दुसरा पदार्थ कशाला, असे अनेकांना वाटते. उत्तर साधे आहे. मोजून दिलेल्या औषधाने आईचे दिवस स्थिर होतात. ती तपासणीला येते, जेवते, झोपते. आणि गर्भाला रोजची चढउतार सोसावी लागत नाही.

मोजण्याची पट्टी बदलली

बाळाला औषध केव्हा द्यायचे, हे कसे ठरवावे? अमेरिकेतील डॉ. लोरेटा फिनेगन यांनी १९७५ साली यासाठी गुणपद्धती प्रसिद्ध केली. बाळाच्या थरथरण्यापासून शिंकांपर्यंत २१ लक्षणे दर काही तासांनी तपासायची, प्रत्येकाला गुण द्यायचे आणि बेरीज ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की औषध सुरू करायचे. त्याआधी प्रत्येक डॉक्टर आपल्या अंदाजाने चालत असे. त्यामुळे ही पद्धत जगभर स्वीकारली गेली.

परंतु चार दशकांच्या अनुभवानंतर तिची एक उणीव जाणवू लागली. गुण देण्यासाठी झोपलेल्या बाळाला उठवावे लागे, उघडे करावे लागे. मग ते रडणारच. त्यातून 'खाणे, झोपणे, शांत होणे' ही नवी पद्धत आली. तीत परिचारिका तीन गोष्टी पाहते. बाळ पुरेसे दूध पिते का? सलग तासभर झोपते का? रडू लागले तर दहा मिनिटांत शांत होते का? यातले काही जमत नसेल तर आधी उजेड कमी करायचा, आवाज थांबवायचा, बाळाला दुपट्यात नीट गुंडाळायचे, आईच्या छातीशी उघड्या अंगाने ठेवायचे. एवढे करून भागले नाही, तर औषध.

अमेरिकेतील २६ रुग्णालयांत या पद्धतीची चाचणी झाली. पद्धत बदलण्यापूर्वी प्रत्येक ठिकाणी कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी काही महिने राखून ठेवले होते. २०२३ साली निष्कर्ष आले. जुन्या रीतीने बाळ घरी जाण्याजोगे व्हायला सरासरी १४.९ दिवस लागत. नव्या रीतीने ८.२ दिवस पुरले. पूर्वी ५२ टक्के बाळांना औषध द्यावे लागे, आता १९.५ टक्क्यांना. या पद्धतीत नवे यंत्र किंवा नवी लस नव्हती. बाळाला शांत करणारी पहिली व्यक्ती म्हणून आईला जवळ बोलावले गेले. आपल्या आजीबाई दुपट्यात गुंडाळण्याबाबत इतक्या आग्रही का असत, हे यावरून कळते. मात्र त्यांच्या बाळगोळीचे समर्थन त्यातून होत नाही!

आईला काय विचारावे, कसे विचारावे?

आता एक प्रसंग कल्पनेने डोळ्यांसमोर आणू. तालुक्याच्या रुग्णालयात गरोदर स्त्रियांच्या तपासणीचा दिवस आहे. गर्दी आहे. पाचव्या महिन्यातील एक स्त्री सासूबरोबर आली आहे. परिचारिका कागदावरून मान वर न करता विचारते, "तंबाखू-दारू काही घेत नाहीस ना गं?" स्त्री सासूकडे पाहते आणि म्हणते, "नाही." कागदावर 'नाही' लिहिले जाते. हा प्रश्न व्याकरणाच्या दृष्टीने प्रश्न आहे. परंतु 'नाही ना' या दोन शब्दांनी त्याचे उत्तर आधीच ठरवून टाकले आहे.

तीच स्त्री दुसऱ्या दिवशी दुसऱ्या परिचारिकेकडे आली, असे समजू.

"आजी, तुम्ही जरा बाहेर बाकावर बसता का? यांचं वजन घेते, मग बोलावते."

सासूबाई बाहेर जातात.

"ताई, आपल्याकडे पुष्कळ जणी मिसरी लावतात. तुम्ही दिवसातून किती वेळा लावता?"

"चारदा-पाचदा, सिस्टर. सकाळी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही."

"आणि दुखण्याखुपण्यासाठी काही घेता का? दुकानातल्या गोळ्या वगैरे?"

स्त्री थोडा वेळ गप्प राहते. "कंबर दुखायची म्हणून यांनी आणून दिल्या होत्या. आता नाही घेतल्या तर अंग मोडून येतं, जीव घाबरा होतो. घरी कुणाला सांगू नका."

"बरं झालं, मला सांगितलंत. घरी मी काही बोलणार नाही. गोळ्या मनानं एकदम बंद करू नका हं. आज डॉक्टरांना भेटू आणि काय करायचं ते तुमच्यासमोरच ठरवू."

दोन्ही भेटींना लागणारा वेळ फारसा वेगळा नाही. दुसऱ्या परिचारिकेने सासूला मान देऊन दूर केले. 'लावता का' असे न विचारता 'किती वेळा लावता' असे विचारले, त्यामुळे कबुली देण्याचे ओझे हलके झाले. शेवटी तिने उपदेश केला नाही. जागतिक आरोग्य संघटनेची सूचनाही अशीच आहे: प्रत्येक गरोदर स्त्रीला, प्रत्येक तपासणीत, या पदार्थांविषयी विचारावे. सर्वांनाच विचारले की कोणा एकीवर संशय घेतला, असे होत नाही. गरीब दिसणाऱ्या बाईला विचारायचे आणि नीटनेटक्या बाईला वगळायचे, ही खोड मोडणे प्रशिक्षणातील कदाचित सर्वांत अवघड काम असेल.

'चांगली आई असतीस तर असे केले नसतेस' हे वाक्य अशा स्त्रीने घरी अनेकदा ऐकलेले असते. तेच रुग्णालयात ऐकू आले, तर ती पुढच्या तपासणीला येत नाही. थेट कळा सुरू झाल्यावर येते. तेव्हा बाळासाठी पूर्वतयारी करण्याची वेळ निघून गेलेली असते. म्हणून परिचारिकेचा कडवट शब्द हा केवळ असभ्यपणा ठरत नाही. त्याचा परिणाम बाळाच्या प्रकृतीवर होतो.

ताटातूट नको

अशा आईला वाटणारी मोठी भीती दोन गोष्टींची असते: पोलीस येतील आणि बाळ काढून घेतील. तिच्याशी बोलणाऱ्यांना कायदा थोडा तरी ठाऊक असावा. अमली पदार्थांविषयीच्या १९८५ सालच्या कायद्यात कलम ६४-अ आहे. पदार्थाचे सेवन करणारी किंवा अल्प प्रमाणात तो बाळगणारी व्यसनाधीन व्यक्ती स्वेच्छेने मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल, तर त्या कलमान्वये तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा मद्य व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक स्थितींनाही लागू आहे. मानसिक आरोग्य संस्थेत उपचार घेणाऱ्या स्त्रीपासून तिचे तीन वर्षांखालील मूल सामान्यतः वेगळे करू नये, असे तो सांगतो. आईकडून मुलाला धोका असेल तरच अपवाद. तोही तात्पुरता, आणि दर पंधरा दिवसांनी त्याचा फेरविचार करावा लागतो.

हा नियम दयेपोटी केला आहे, असे समजू नये. आई जवळ असली की बाळ लवकर शांत होते, हे आपण पाहिले. औषधोपचाराने स्थिर झालेल्या आईचे दूधही बहुधा बाळाला हितकारक असते. मात्र आई मद्य किंवा अन्य पदार्थ अजून घेत असेल अथवा तिला काही संसर्ग असेल, तर डॉक्टरांनी प्रत्येकीचा वेगळा विचार करावा लागतो. आईच्या बाजूनेही पाहा. जिला आजवर 'तू काही कामाची नाहीस' एवढेच ऐकावे लागले, तिच्या छातीवर किंचाळणारे बाळ हळूहळू निजते. त्या क्षणी तिला जे वाटत असेल, ते कोणत्याही समुपदेशनाने देता येणार नाही.

पाठगत प्रश्न २

(अ) फिनेगन यांची पद्धत आणि 'खाणे, झोपणे, शांत होणे' ही पद्धत यांतील मुख्य फरक सांगा.
(आ) 'घेत नाहीस ना गं?' या प्रश्नाने उत्तर कसे ठरवून टाकले?

हे शिकू कोण शकते?

एवढे सगळे मोठ्या शहरातील पदवीधरांनाच जमेल, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. गडचिरोलीचे उदाहरण तिला उत्तर देते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने १९९०च्या दशकात ३९ गावांतील, शालेय शिक्षण झालेल्या स्त्रियांना नवजात बाळांची घरोघरी काळजी घेण्याचे शिक्षण दिले. या आरोग्यदूत बाळाचे वजन करीत, श्वास मोजीत, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखीत आणि औषधही देत. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तेथील नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटले. २०११ पासून देशभर आशाताई अशा गृहभेटी देऊ लागल्या. बाळ रुग्णालयात जन्मले असेल तर पहिल्या ४२ दिवसांत सहा भेटी.

त्या भेटींचा मुख्य हेतू व्यसनाचा शोध घेणे हा नाही. परंतु तिसऱ्या दिवशी दारात उभी राहणारी आशाताई हीच बहुधा ते चिरके रडणे ऐकणारी पहिली बाहेरची व्यक्ती असते. 'बाळाला दृष्ट लागली' असे घरातील मंडळी म्हणत असताना, ते रडणे वेगळे आहे हे तिला ओळखता यावे. बाळंतिणीला एकटी गाठून दोन शब्द विचारता यावेत. आणि त्याच दिवशी बाळ-बाळंतीण दोघांना जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात पाठवता यावे. पाठवताना चिठ्ठीवर ती काय लिहील? 'आई व्यसनी' असे लिहील, की 'आई सहा महिन्यांपासून वेदनाशामक गोळ्या घेत आहे, उपचारास तयार आहे' असे?

शब्दार्थ

नवजात – नुकतेच जन्मलेले
वार – गर्भाशयात बाळाला आईशी जोडणारा अवयव
शुश्रूषा – सेवा, देखभाल
समुपदेशक – बोलण्यातून मार्ग काढण्यास साहाय्य करणारा तज्ज्ञ
उतारा-औषध – एखाद्या पदार्थाचा अंमल उतरवणारे औषध
अंमल – नशा, पदार्थाचा शरीरावरील प्रभाव
खाडा – कामावरील गैरहजेरी
आकडी – झटके येणे
ताटातूट – एकमेकांपासून दूर होणे

पाठान्त प्रश्न

१. '१०५ ग्रॅम थोडके नाही' या विधानाचा अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
२. 'व्यसनी बाळ' हा शब्दप्रयोग लेखकाला अमान्य का आहे? तुमचे मत लिहा.
३. गरोदर स्त्रीचे व्यसन अचानक तोडू नये, हे तुम्ही तिच्या सासूला कसे समजावून सांगाल? आठ-दहा वाक्यांचा संवाद लिहा.
४. पुढील प्रश्न असे बदला की उत्तर देणारीला संकोच वाटणार नाही: (क) तू मिसरी लावतेस का? (ख) नवरा पिऊन येतो ना? (ग) आधीचे बाळ कशाने दगावले, तुझ्या दुर्लक्षानेच ना?
५. तुमच्या गावातील आशाताईंना भेटा. नवजात बाळाच्या पहिल्या भेटीत त्या काय काय पाहतात, ते त्यांच्याकडून ऐका आणि त्यांच्याच शब्दांत लिहून आणा.